भुईकाटा शून्य दाखवतो, पण वजन बरोबर दाखवतो का? कॅलिब्रेशन कसं होतं आणि शेतकऱ्यानं काय पाहावं

ऊस असो, सोयाबीन असो की कापूस, वर्षभराच्या कष्टाचा हिशेब शेवटी भुईकाट्याच्या इंडिकेटरवरच्या आकड्यावर येऊन थांबतो. गाडी काट्यावर घेण्याआधी आपण एकच गोष्ट पाहतो, ती म्हणजे आकडा शून्य आहे का. शून्य दिसलं की समाधान होतं. पण शून्य बरोबर असूनही काटा वजनात मारू शकतो. हे समजायला काट्याचं कॅलिब्रेशन काय असतं ते माहीत पाहिजे.

काटा चालतो कसा?

लोखंडी प्लॅटफॉर्मच्या खाली लोडसेल बसवलेले असतात. काट्याच्या लांबीनुसार ते चार, सहा किंवा आठ असतात. वजन पडलं की लोडसेल अगदी किंचित दबतो आणि त्यातून मिलिव्होल्टमध्ये विजेचा बारीक सिग्नल निघतो. सगळ्या लोडसेलच्या वायरी जंक्शन बॉक्समध्ये एकत्र येतात आणि तिथून एक केबल केबिनमधल्या इंडिकेटरला जाते. इंडिकेटर त्या सिग्नलचे किलो करतो. किती सिग्नल म्हणजे किती किलो, हे त्याला शिकवावं लागतं. या शिकवण्यालाच कॅलिब्रेशन म्हणतात.

शून्य आणि स्पॅन

कॅलिब्रेशनमध्ये दोन गोष्टी ठरतात. रिकाम्या प्लॅटफॉर्मचा सिग्नल म्हणजे शून्य. ठराविक वजन ठेवल्यावर सिग्नल किती वाढला, तो स्पॅन.

शून्य थोडं सरकलेलं असलं आणि भरलेल्या व रिकाम्या गाडीच्या वेळी तेवढंच सरकलेलं राहिलं, तर वजाबाकीत ते निघून जातं. निव्वळ वजनाला धक्का लागत नाही. स्पॅनची चूक मात्र वजाबाकीत जात नाही. समजा स्पॅन एक टक्का कमी आहे. भरलेली गाडी 24,000 किलो, रिकामी 8,000, म्हणजे खरा माल 16,000 किलो. काटा दाखवणार 23,760 आणि 7,920. निव्वळ आलं 15,840. एका खेपेत 160 किलो गेलं आणि रिकाम्या काट्यावर आकडा मात्र स्वच्छ शून्य. टनाला तीन हजार धरले तरी खेपेमागं 480 रुपये झाले.

कॅलिब्रेशन करतात कसं?

1. आधी साफसफाई. प्लॅटफॉर्म आणि बाजूच्या भिंतीमधली फट मोकळी करतात, खालचा चिखल काढतात. जंक्शन बॉक्समध्ये पाणी किंवा ओल नाही ना, केबल उंदरांनी कुरतडली नाही ना, हे पाहतात.
2. इंडिकेटर चालू करून अर्धा तास तापू देतात.
3. तेच वजन प्रत्येक लोडसेलच्या डोक्यावर आळीपाळीनं ठेवतात. कोपऱ्याकोपऱ्याला आकडा बदलत असेल तर आधी तो जुळवतात.
4. रिकाम्या काट्यावर शून्य नोंदवतात. मग प्रमाणित वजनं ठेवून त्यांचा आकडा इंडिकेटरमध्ये भरतात.
5. वजन टप्प्याटप्प्यानं चढवून आणि उतरवून पाहतात. शेवटी काटा परत शून्यावर यायलाच पाहिजे.

इथं एक गोम आहे. 40 टनाच्या काट्याला फक्त एक टन ठेवून स्पॅन दिला आणि त्यात 5 किलोची चूक राहिली, तर 40 टनाला ती 200 किलो होते. म्हणून पुरेशी प्रमाणित वजनं लागतात. ती कमी असली तर वजनं उतरवून तेवढ्याच भाराची गाडी ठेवायची आणि पुन्हा वजनं चढवायची, असं करत काटा वरपर्यंत तपासतात.

कायदा काय सांगतो?

वैध मापनशास्त्र कायदा 2009 चा आहे. नियमाप्रमाणे भुईकाट्याची पडताळणी दर 12 महिन्यांनी वैध मापनशास्त्र निरीक्षकाकडून करून घ्यावी लागते. दुरुस्ती परवानाधारकानंच करायची आणि दुरुस्तीनंतर फेरपडताळणी झाल्याशिवाय काटा वापरायचा नाही. काटेवाल्यानं जागेवर काट्याच्या क्षमतेच्या एक दशांश किंवा एक टन, यातलं जे कमी असेल तेवढी प्रमाणित वजनं ठेवायची असतात. ती वजनं मागून बघा.

10 किलोच्या टप्प्यानं आकडा दाखवणाऱ्या काट्याला पडताळणीच्या वेळी 5 टनापर्यंत 5 किलो, 20 टनापर्यंत 10 किलो आणि त्यापुढं 15 किलो इतकाच फरक चालतो. वापरातल्या काट्याला याच्या दुप्पट. म्हणजे दहा-वीस किलोच्या फरकावरून भांडण नको, पण शंभर-दीडशेचा फरक गप्प बसण्यासारखा नाही.

प्रत्येक वेळी काटामारीच असते असं नाही

दोन वर्षांपूर्वी माझी सोयाबीनची ट्रॉली ट्रॅक्टरसकट गावच्या काट्यावर 7,140 किलो भरली. तालुक्याच्या एका काट्यावर तीच 7,060. 80 किलोचा फरक. मी खाली वाकून पाहिलं तर प्लॅटफॉर्म आणि भिंतीच्या फटीत खडी अडकलेली. थोडा भार भिंतच उचलत होती. काटेवाल्या पोरानं सळईनं खडी काढली, गाडी परत घेतली, आकडा 7,130. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. पण बघितलं नसतं तर नुकसान माझंच होतं.

काट्यावर पाच मिनिटांत पाहायच्या गोष्टी

- पडताळणीचं प्रमाणपत्र लावलेलं आहे का, तारीख संपली आहे का.
- इंडिकेटरचं तार-शिशाचं सील शाबूत आहे का. सील तुटलं म्हणजे आतलं कॅलिब्रेशन कुणीही बदलू शकतो.
- गाडी चढण्याआधी आणि उतरल्यावर, दोन्ही वेळा शून्य येतं का.
- सगळी चाकं प्लॅटफॉर्मवर आहेत का, फट मोकळी आहे का.
- चालक दोन्ही वेळा खाली किंवा दोन्ही वेळा केबिनमध्ये. भरलेल्या वेळी खाली आणि रिकाम्या वेळी आत बसला, तर त्याचं वजन तुमच्या मालातून जातं.
- भरलेली गाडी एकदा पुढच्या बाजूला, एकदा मागच्या बाजूला उभी करून आकडा सारखाच येतो का.

शंका आली तर दोन्ही काट्यांच्या पावत्या, तारीख, वेळ आणि गाडी नंबर घेऊन वैध मापनशास्त्र कार्यालयाकडं लेखी तक्रार द्या. माल खाली करण्याआधी दुसऱ्या काट्यावर वजन केलेलं असेल तरच तक्रारीला जोर येतो. गाडी रिकामी झाल्यावर हातात नुसता संशय उरतो.