खिशातलं हत्यार: इनामगावच्या पात्यापासून मल्टीटूलपर्यंत

मल्टीटूल कोणतं घ्यायचं, हा प्रश्न खरं तर इतिहासाच्या पॉडकास्टला विचारायचा नसतो. त्यासाठी रिव्ह्यूवाले आहेत, डबा उघडून दाखवणारे आहेत. पण या प्रश्नाचं एक उत्तर आपल्या शिरूर तालुक्यात जमिनीखाली पुरलेलं होतं. ते बाहेर काढायला डेक्कन कॉलेजच्या लोकांना कित्येक हंगाम खणावं लागलं. म्हणून आजचा भाग.

आधी निमोण्याच्या बाजूच्या एखाद्या शेतावर उभं राहू. ठिबकची नळी फुटलीय, तेवढा तुकडा कापून जोड घालायचाय. पाइपाची पट्टी सैल झालीय, स्क्रू आवळायचाय. तार वाकवायला पक्कड हवी, आणि पक्कड आहे घरी. गाडीला किक मारा, घरी जा, परत या, अर्धा तास गेला. खिशात मावणारं, चार कामं करणारं हत्यार ही तुमच्या इन्स्टाग्रामवरची फॅशन नाही, हा इथला रोजचा हिशोब आहे. आणि या नदीच्या खोऱ्यात तो फार जुना आहे.

घोड नदीच्या उजव्या काठावर, याच तालुक्यात, इनामगाव आहे. १९६८ पासून १९८३ पर्यंत डेक्कन कॉलेजनं तिथे उत्खनन केलं. हसमुख सांकळिया, मधुकर ढवळीकर, झैनुद्दीन अन्सारी ही त्यातली मोठी नावं. सापडलं काय, तर इसवी सनापूर्वी साधारण १६०० ते ७०० या काळातलं शेतकऱ्यांचं गाव. शंभराहून जास्त घरांचे अवशेष. जव पिकवणारी, गुरं पाळणारी, पाण्यासाठी पाट आणि बांध घालणारी माणसं. दगावलेलं लहान मूल दोन रांजणांच्या तोंडाला तोंड लावून घराच्या जमिनीखालीच पुरणारी माणसं.

या काळाला आपण ताम्रपाषाण म्हणतो. नावात तांबं आधी येतं, म्हणून वाटतं की सगळ्यांकडे तांब्याची हत्यारं असतील. तसं नव्हतं. तांबं दुर्मीळ होतं. छिन्नीसारखं एखादं लहान हत्यार, मणी, बांगड्या, एवढ्यापुरतं. रोजचं कापणं-सोलणं-खरवडणं चालायचं दगडावर. हा दगड कॅल्सेडनी, म्हणजे आपल्या गारगोटीच्या जातीतला. दख्खनच्या काळ्या कातळाच्या पोकळ्यांमध्ये तो तयार होतो आणि नदीच्या गोट्यांत मिळतो. विकत आणायची गरज नाही.

आता त्यांची करामत बघा. दगडाच्या तुकड्याच्या एका बाजूला दोन्हीकडून टवके उडवून ते आधी एक सरळ कणा तयार करायचे. मग टोकाशी नेमका जोर दिला की त्या कण्याच्या रेषेत एक लांब, अरुंद पातं सुटून यायचं. ते निघालं की त्याच्या जागी नव्या रेषा तयार, त्यांच्यावरून पुढचं पातं. काकडीच्या चकत्या कराव्यात तशी एकाच दगडातून एकसारखी पाती. दोन्ही कडा समांतर, धार ताज्या काचेसारखी.

एकसारखी का करायची? कारण ती नुसती हातात धरून वापरायची नसत. लाकडाच्या किंवा हाडाच्या मुठीत खाच पाडायची, त्यात ही छोटी पाती ओळीनं बसवायची, डिंक नाहीतर राळ लावून घट्ट करायची. झाला विळा. एकच पातं बसवलं की सुरी. टोकदार तुकडा बसवला की आरी. मूठ कुजून जाते, म्हणून उत्खननात बहुतेक वेळा पातीच हाती लागतात. पण जगभर अशा पात्यांच्या कडेवर एक चकाकी दिसते. गवत आणि धान्याच्या ताटांतली सिलिका घासून घासून ती येते, आणि त्यावरून विळ्याचं पातं ओळखता येतं.

मला यातली खरी गोष्ट वाटते ती ही: विळ्याचा एक दात तुटला तर विळा फेकायचा नाही. तेवढा दात काढायचा, नवा बसवायचा. सामान नदीत पडलेलं आहे आणि कसब घरात आहे. मल्टीटूलच्या जाहिरातीत 'एकवीस कामं' असं मोठ्या अक्षरांत लिहितात. इनामगावच्या माणसानं कामं मोजली नसती, त्यानं विचारलं असतं, 'मोडलं तर काय?'

पुढे लोखंड आलं आणि दगडी पाती संपली. गारगोटी मात्र खिशातून गेली नाही. काडेपेटी येईपर्यंत आपल्याकडे माणसं चकमक बाळगायची: पोलादाचा तुकडा, गारगोटी आणि ठिणगी धरायला कापूस. तीन वस्तू, एक काम. याच्या उलट पानवाल्या मंडळींची चंची. कापडाची, कप्प्या-कप्प्यांची, गुंडाळून दोरीनं बांधायची. एका कप्प्यात पान, एकात सुपारी, कात, चुन्याची डबी, तंबाखू आणि अडकित्ता. आज ज्याला ऑर्गनायझर पाउच म्हणून चांगले पैसे मोजता, तो आजोबांच्या कमरेला होता. कानकोरणं आणि दातकोरणं एका कडीत अडकवलेला जुडगाही तसाच. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचा संग्रह आहे, नक्की बघा. सुपारी फोडायचं साधं हत्यार, पण एकासारखा दुसरा नाही.

गारगोटीचं आणखी एक काम होतं, बंदुकीत. शिरूरला, म्हणजे घोडनदीला, कंपनी सरकारची छावणी होती. १ जानेवारी १८१८ ला कोरेगाव भीमाला लढलेली कंपनीची तुकडी आदल्या रात्री इथूनच निघाली होती. त्या काळातल्या बंदुका गारगोटीच्या चापाच्या. गारगोटी पोलादावर आपटायची, ठिणगी पडायची, दारू पेटायची. कानात राख साचली की बार उडत नाही. म्हणून अशा बंदुका चालवणारे सैनिक कान साफ करायची तार आणि छोटा ब्रश साखळीला अडकवून बाळगत. चापाचा स्क्रू ढिला करून गारगोटी बदलायला पेचकसही लागायचा. ही हत्यारं नसतील तर हातातली बंदूक म्हणजे नुसती काठी.

स्विस चाकूची गोष्टही तिथूनच सुरू होते, हे फार जणांना माहीत नसतं. स्वित्झर्लंडच्या सैन्याला नवी रायफल मिळाली, १८८९ ची. ती खोलायला पेचकस हवा, आणि डबाबंद जेवण उघडायलाही काहीतरी हवं. म्हणून पातं, आरी, डबा उघडणी आणि पेचकस असा चाकू ठरला. १८९१ मध्ये आलेला पहिला माल जर्मनीतल्या झोलिंगेनचा होता. मग कार्ल एल्सनर या कारागिरानं तो देशातच करायला घेतला. १८९७ मध्ये त्यानं ज्या हलक्या चाकूची नोंद केली, त्यात बाटलीचं बूच काढायचा स्क्रू आला, आणि तोच जगभर गाजला. पक्कडवाल्या मल्टीटूलचा जन्म असाच अडचणीतून. टिम लेदरमन १९७५ मध्ये जुनी फियाट घेऊन युरोपात फिरत होता. गाडी सारखी बिघडायची, खिशात चाकू होता, पक्कड नव्हती. पुढे पेटंट, आणि १९८३ मध्ये कंपनी.

आता तुमचा प्रश्न. आठवडाभर मोबाइलच्या नोट्समध्ये लिहा, दिवसात कोणतं हत्यार किती वेळा शोधलंत. तार आणि नटबोल्ट जास्त असतील तर पक्कडवालं घ्या. कापणं आणि स्क्रू एवढंच असेल तर छोटा चाकू पुरे, पक्कडीचं वजन उगाच खिशात नको. जोर लावताना मिटणार नाही असं, लॉक होणारं पातं बघा. मिटणाऱ्या पात्यानं बोट कापलं की सगळी हौस फिटते. सांधे रिव्हेटचे आहेत की स्क्रूचे तेही बघा. स्क्रूचे असले तर खोलून, पुसून, तेलाचा थेंब सोडता येतो. चिखलात आणि उसाच्या रसात वापरणार असाल तर हे फार महत्त्वाचं.

आणि एक गोष्ट जरा ओरडूनच सांगतो. बहुतेक मल्टीटूलची मूठ उघड्या धातूची असते. मोटारीच्या स्टार्टरमध्ये थ्री-फेज वीज असते, चारशे व्होल्टच्या वर. त्या पेटीत हे हत्यार घालायचं नाही. मेन स्विच बंद केला असला तरी टेस्टरनं बघा, आणि कामाला इन्सुलेशनची पक्कडच घ्या. ओल्या पायांनी तर पेटीला हातही लावू नका. खिशात हत्यार आहे म्हणून माणूस धीट होतो, आणि घात तिथेच होतो.

राहिला कायदा. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पातं शस्त्र नियमांत येतं. घरगुती आणि शेतीची हत्यारं त्यातून वगळलेली आहेत, आणि खिशातलं मल्टीटूल त्या मापाच्या जवळही जात नाही. पण सण, निवडणूक किंवा तणावाच्या दिवसांत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली सुरे-काठ्या बाळगायला बंदीचा आदेश निघतो. तेव्हा नाक्यावर 'शेतकरी आहे हो साहेब' म्हणत उभं राहण्यापेक्षा ते घरी ठेवलेलं बरं. विमानात हातातल्या बॅगेत तर चाकू चालतच नाही, तपासणीत काढून घेतात.

पुण्याला गेलात तर येरवड्याच्या बाजूला डेक्कन कॉलेजचं संग्रहालय आहे. इनामगावच्या वस्तू तिथे आहेत. ती पाती बघताना आपल्या करंगळीशेजारी ठेवल्याची कल्पना करा. केवढीशी आहेत ती! आणि त्यांच्यावर अख्ख्या गावाची सुगी निघायची.