मधल्या फळीतला माणूस

पनवेलमध्ये बातमीदारी करताना खेळाचं पानही अधूनमधून वाट्याला येतं. हॉकीचा निकाल दोन ओळींत बसवायचा असतो, मग गोल मारणाऱ्यांची नावं तेवढी जातात. समोरच्याच्या स्टिकवरून चेंडू काढून पुढे कुणी दिला, हे मीही कधी लिहिलं नाही. म्हणून आज विरेन रस्किन्हाबद्दल.

वांद्र्याच्या सेंट स्टॅनिस्लॉस शाळेचा हा पोरगा भारताच्या मधल्या फळीत खेळला. 2002 च्या बुसान आशियाई स्पर्धेत रौप्य. 2003 मध्ये क्वालालंपूरला पाकिस्तानला 4-2 ने हरवून आपण पहिल्यांदा आशिया कप जिंकला, त्या संघात तो होता. 2004 ला अथेन्स ऑलिम्पिक, तिथे आपण सातवे. 2005 ला अर्जुन पुरस्कार. या फळीचं काम म्हणजे बचावालाही धावायचं आणि आक्रमणालाही. टाळ्या मात्र पुढच्याला.

जानेवारी 2008 मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्याने खेळ सोडला आणि हैदराबादच्या आयएसबीत व्यवस्थापन शिकायला गेला. दोनच महिन्यांत चिलीतल्या सँटियागोत ब्रिटनकडून 0-2 हरून भारत बीजिंग ऑलिम्पिकला मुकला. 1928 पासून असं कधी झालं नव्हतं! खरं सांगतो, तेव्हा मला वाटलेलं, हा बरोबर वेळेवर सटकला.

माझं चुकलं होतं. 2009 मध्ये तो ऑलिम्पिक गोल्ड क्वेस्टमध्ये रुजू झाला. प्रकाश पदुकोण आणि गीत सेठी यांनी उभी केलेली ही संस्था. काम काय? खेळाडूला प्रशिक्षक, फिजिओ, साहित्य, परदेशी सराव मिळवून द्यायचा. 2012 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये भारताला सहा पदकं मिळाली. त्यातल्या सायना नेहवाल, मेरी कोम, गगन नारंग आणि विजय कुमार या चौघांच्या मागे ही संस्था उभी होती. म्हणजे गडी मैदानाबाहेर गेला, पण जागा तीच. चेंडू काढायचा, पुढच्याला द्यायचा.

आता आपल्याकडे या. 1976 च्या मॉन्ट्रियल ऑलिम्पिकपासून मोठी हॉकी कृत्रिम टर्फवर गेली. पनवेलच्या पोराला चर्चगेटच्या टर्फवर सराव करायचा तर हार्बर लोकल धरून जाण्यातच दीड-पावणेदोन तास जातात. शाळा, क्लास सांभाळून हे रोज कोण करणार? गुण असूनही पोरं गळतात ती इथेच.

आपल्यातलं कुणी चमकलं की चौकात फ्लेक्स लागतात. लागू देत. पण पुढच्या वेळी कुणी क्रीडासंकुलाचं आश्वासन घेऊन दारात आलं, तर इतकंच विचारा: तिथे प्रशिक्षक कोण असेल, त्याचा पगार कोण देणार, आणि दुखापत झालेल्या पोराकडे कोण बघणार?

गोल नंतर होतात हो. आधी मधली फळी लागते.