टर्बो इंजिनाची पुनर्बांधणी आणि दुर्लक्षित ऑइल पंप

टर्बोचार्जर असलेले इंजिन पुन्हा बांधावयास घेतले की मालकाचे सारे लक्ष पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि खुद्द टर्बोकडे लागलेले असते. ऑइल पंप मात्र ‘चांगला चालत होता की’ असे म्हणून पुसून परत बसविला जातो. ही काटकसर अनेकदा संपूर्ण इंजिनाच्या मुळावर येते. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो आणि बहुसंख्य टर्बोंमध्ये तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. क्रँकशाफ्टची बेअरिंगेही अशाच थरावर टिकून असतात आणि बूस्ट वाढविला की त्यांच्यावरील भारही वाढतो. वेगात असताना हा थर काही सेकंद जरी तुटला, तरी धातूवर धातू घासून बेअरिंग उडते.

पंप स्वतः दाब निर्माण करीत नाही, तो केवळ तेल ढकलतो. बेअरिंगांतील बारीक फटींतून वाट काढताना तेलाला जो अडथळा होतो, त्यातून दाब उत्पन्न होतो. त्यामुळे गेजचा काटा खाली आला म्हणजे पंपच थकला, असे नव्हे. बेअरिंग झिजून फट रुंदावली तरी काटा तसाच खाली येतो, आणि अशा वेळी मोठा पंप लावणे म्हणजे दुखणे झाकून ठेवणे होय.

निस्सान स्कायलाइन जीटी-आर या मोटारीचे आरबी२६डीईटीटी हे इंजिन या बाबतीत पाहण्यासारखे आहे. एका रांगेत सहा सिलिंडर, २,५६८ घन सेंटिमीटर क्षमता आणि दोन टर्बो अशा रचनेचे हे इंजिन १९८९ पासून २००२ पर्यंत या गाडीत होते. जपानमधील ‘ग्रुप ए’ अजिंक्यपद मालिकेत १९९० ते १९९३ या चार हंगामांतील सर्व २९ शर्यती याच गाडीने जिंकल्या. एवढा लौकिक असलेल्या या इंजिनाचा दुबळा अवयव म्हणजे ऑइल पंप!

हा पंप क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकावरच बसतो. टोकाच्या दोन सपाट बाजू पंपाच्या आतील गिअरला फिरवितात. सुरुवातीच्या क्रँकशाफ्टवर या सपाट बाजूंची लांबी अपुरी होती. गिअरच्या पूर्ण जाडीला त्यांचा आधार मिळत नसे, आणि गिअर भुकटी दाबून बनविलेल्या ठिसूळ धातूचा. सहा सिलिंडरांचा लांब क्रँकशाफ्ट उच्च वेगात पीळ बसल्यासारखा थरथरतो; रेव्ह लिमिटरवर इंजिन वारंवार आदळले की हे हादरे हातोडीप्रमाणे गिअरवर बसतात. अखेरीस गिअर तडकतो आणि दाब क्षणार्धात शून्यावर येतो. निस्सानने पुढे हा आधार रुंद केला. जुन्या क्रँकशाफ्टवर टोक घासून पोलादी कॉलर घट्ट बसविण्याचा उपाय रूढ आहे. जोडीला अखंड पोलादातून कापलेले गिअर वापरले जातात. निस्सानचा ‘एन१’ पंप अधिक तेल पुरवितो खरा, पण त्याच्या गिअरचा ठिसूळपणा त्यामुळे जात नाही. पुढच्या पुलीतील रबर जुने झाले असेल तर हादरे शोषणारी ती पुलीही बदलणे आवश्यक, अन्यथा नव्या गिअरच्या नशिबीही तोच मार येतो.

पंप उघडताना मागील झाकणाचे स्क्रू सहजी निघत नाहीत, त्यासाठी इम्पॅक्ट ड्रायव्हर लागतो. गिअर काढण्यापूर्वी त्यांवर खूण करावी, म्हणजे ते पूर्वीच्याच बाजूने परत बसतील. नखाला जाणवेल अशी चर पंपाच्या अंगावर किंवा झाकणावर आढळली तर तो पंप बाद समजावा. गिअर आणि अंग यांतील फट फीलर गेजने, तर गिअर व झाकण यांतील फट सरळ पट्टी ठेवून मोजतात. मर्यादा त्या इंजिनाच्या मॅन्युअलमधूनच घ्यावी. रिलीफ व्हॉल्व्हचा पिस्टन तेल लावल्यावर स्वतःच्या वजनाने सरकला पाहिजे. तेथे धातूचा एक कण अडकला आणि व्हॉल्व्ह उघडाच राहिला, तर नवाकोरा पंपही निकामी ठरतो. सम्पमधील जाळी याच वेळी तपासावी. सढळ हाताने लावलेल्या सीलंटचे तुकडे तिच्यात हमखास सापडतात. पूर्वीचे बेअरिंग उडालेले असेल तर ऑइल कूलर बदलणेच श्रेयस्कर, कारण त्याच्या बारीक नळ्यांतील कीस पूर्णपणे निघत नाही.

मोठ्या पंपाचा मोह मात्र आवरावा. जास्तीचे तेल इंजिनाची शक्ती खाते, तापते आणि टर्बोच्या सीलमधून झिरपू शकते. आरबी२६ मध्ये आणखी एक अडचण आहे. सतत उच्च वेगात तेल सिलिंडर हेडमध्ये साचून राहते आणि सम्प रिकामा होऊ लागतो. मग पंप हवा ओढतो. म्हणूनच शर्यतीच्या इंजिनांत हेडकडे जाणाऱ्या तेलाच्या वाटेत अरुंद छिद्राचा रिस्ट्रिक्टर बसवितात, हेडच्या मागील बाजूने परतीची नळी देतात आणि सम्पमध्ये तेल खेळू नये म्हणून आडपडदे घालतात. आरबी२०डीईटी या भावंडात मात्र हायड्रॉलिक टॅपेट असल्याने हेडचे तेल असे कमी करताना हात राखून काम करावे लागते.

बांधणी पूर्ण झाल्यावर कोरडा पंप तेल ओढू शकत नाही, म्हणून बसवितानाच त्यात तेल किंवा पेट्रोलियम जेली भरतात. स्पार्क प्लग काढून, इग्निशन व इंधन बंद ठेवून, गेजवर दाब दिसेपर्यंत स्टार्टरने इंजिन थांबत थांबत फिरवावे. टर्बोच्या तेलाच्या नळीतून धार आल्याची खात्री करून ती जोडावी आणि त्यानंतरच इंजिन सुरू करावे. पहिले तेल व फिल्टर लवकर बदलतात आणि काढलेला फिल्टर कापून त्याच्या घड्यांत धातूची चकाकी दिसते का, हे उजेडात धरून पाहतात.