पोटावरची पिशवी

आतड्याचं तोंड पोटावर काढून तिथे पिशवी लावावी लागेल, असं सांगितलं की घरातली माणसं एकमेकांकडे बघू लागतात. यवतमाळ जिल्ह्यात हे मी अनेकदा पाहिलं आहे. ‘त्यापेक्षा ऑपरेशनच नको,’ असंही कुणी म्हणतं. ही रीत आली कुठून, ते आज सांगतो.

मोठ्या आतड्याच्या भिंतीला कधी कधी बाहेरच्या बाजूने लहान लहान फुगे येतात. त्यांना डायव्हर्टिक्युला म्हणतात. बहुतेकांना त्यांचा काहीच त्रास नसतो. पण एखादा सुजून फुटला, तर पू आणि विष्ठा पोटात पसरते. पाश्चात्त्य देशांत हे फुगे बहुधा डावीकडे येतात. आशियात उजवीकडेही पुष्कळ आढळतात, आणि मग दुखणं अपेंडिक्सचं वाटतं.

विसाव्या शतकात बराच काळ यावर तीन ऑपरेशनं करीत. पहिल्यात पू काढून आतड्याचं तोंड पोटावर आणायचं, दुसऱ्यात खराब भाग कापायचा, तिसऱ्यात ते तोंड बंद करायचं. म्हणजे फुटलेलं आतडं पहिल्या ऑपरेशननंतरही आतच! दुसऱ्या ऑपरेशनपर्यंत रोगी टिकेलच, याची खात्री नसे.

1921 साली पॅरिसचे सर्जन आंरी हार्टमान यांनी वेगळी रीत मांडली, तीही कॅन्सरसाठी. खराब भाग पहिल्याच वेळी काढायचा, खालचं टोक शिवून आत ठेवायचं, वरचं पोटावर आणायचं. टोकं पुन्हा जोडण्याचा त्यांचा विचार नव्हता. पुढे फुटलेल्या आतड्यासाठी हीच रीत रूढ झाली आणि काही महिन्यांनी जोडणीही होऊ लागली.

मग लगेचच का जोडू नये? नेदरलँड्स आणि बेल्जियममधल्या रुग्णालयांनी हे तपासलं. 2019 साली निष्कर्ष आले. त्याच वेळी जोडलेल्यांपैकी 100 पैकी सुमारे 95 जण वर्षभरानंतर पिशवीविना जगत होते. हार्टमान रीतीत सुमारे 72. मात्र या रोग्यांचा रक्तदाब स्थिर होता, ही अट मोठी आहे.

उमरखेड किंवा झरी जामणीकडून कुणी दुखणं दोन-तीन दिवस अंगावर काढून, रक्तदाब उतरलेल्या अवस्थेत यवतमाळला पोचतो, तेव्हा ती अट मोडलेली असते. अशा पोटात जोडलेले टाके सुटण्याची भीती मोठी. तिथे शंभर वर्षांपूर्वीची हार्टमान यांचीच रीत उपयोगी पडते. जोडणीचं पुढे बघता येतं. काहींची पिशवी कायम राहते. तेही सही घेण्याआधीच सांगावं लागतं.