सूक्ष्म उष्णतेचा हिशेब

पॅरिसमध्ये १९०३ साली प्येर क्यूरी आणि आल्बेर लाबोर्द यांनी रेडियमची उष्णता मोजली. एक ग्रॅम रेडियम दर तासाला सुमारे १०० कॅलरी उष्णता बाहेर टाकते, आपल्या वजनाहून अधिक बर्फ तासाभरात वितळवू शकते आणि तरीही झिजल्याचे दिसत नाही, हे वृत्त त्या काळी विलक्षण वाटले. इंधन नाही, ज्वाला नाही, ऊब मात्र अखंड! पण कॅलरीत सांगितला म्हणूनच तो आकडा भारदस्त भासतो. एका कॅलरीचे सुमारे ४.१८ जूल आणि एका तासाचे ३,६०० सेकंद. एवढा हिशेब केला की त्या १०० कॅलरी ०.११६ वॅटवर येऊन ठेपतात. हातविजेरीचा दिवादेखील तेवढ्यावर धड पेटायचा नाही.

मापे बदलली की वस्तूचा रुबाब असा बदलतो. अर्ग हे ऊर्जेचे माप ब्रिटिश असोसिएशनच्या समितीने १८७३ साली पुढे आणले. त्याच संस्थेच्या अध्यक्षपदावरून विल्यम सीमेन्स याने १८८२ मध्ये शक्तीच्या मापाला जेम्स वॅटचे नाव सुचविले. वॅट स्वतः मात्र आयुष्यभर घोड्यांच्या हिशेबात शक्ती मोजीत होता! एक वॅट म्हणजे दर सेकंदाला बरोबर एक कोटी अर्ग. तेव्हा अर्गातून वॅटमध्ये जाणे हे १९५७ नंतरच्या नव्या पैशांचे रुपये करण्यासारखे आहे. दशांशचिन्ह सरकवले की काम झाले. कॅलरीचे नाते मात्र जुन्या आणे-पैसारखे. ती पाण्याच्या उष्णतेतून जन्मलेली, अर्ग यांत्रिक श्रमातून. दोघींची गाठ जूलला अनेक वर्षे प्रयोग करून घालावी लागली. पुढे अणुविज्ञानाने इलेक्ट्रॉन-व्होल्ट आणला. एका जूलमध्ये ते सुमारे ६२ परार्ध मावतात. लीलावतीतील संख्यांची शेवटची पायरी अशी ऐन विसाव्या शतकात कामी आली.

या रूपांतरांवर पुढे एक मोठा वाद उभा राहिला. किरणोत्सर्गी द्रव्यातून बाहेर पडणाऱ्या बीटा-कणांचे, म्हणजे इलेक्ट्रॉनांचे वेग एकसारखे नसून लहानमोठे, अखंड श्रेणीत पसरलेले असतात, हे चॅडविकने १९१४ साली बर्लिनमध्ये दाखविले. लगेच महायुद्ध पेटले आणि तो रूलेबेनच्या छावणीत स्थानबद्ध झाला. तेथेच चार्ल्स एलिस नावाचा एक तरुण इंग्रज लष्करी विद्यार्थीही अडकला होता. चॅडविकच्या सहवासात तो तोफा विसरला आणि भौतिकीकडे वळला. युद्धकैदेने विज्ञानाला दिलेली अशी देणगी विरळाच.

बर्लिनच्या लीझ माइट्नर यांचे मत असे, की अणुकेंद्रातून निघताना सर्व इलेक्ट्रॉनांची ऊर्जा सारखीच असते. वाटेत ते ती कमीजास्त गमावतात. एलिसला हे मान्य नव्हते. निवाडा उष्णताच देऊ शकत होती. रेडियम-ई या द्रव्याच्या इलेक्ट्रॉनांची कमाल ऊर्जा सुमारे १०.५ लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट, सरासरी सुमारे ३.९ लाख. सगळे इलेक्ट्रॉन उष्णतामापकातच अडविले, तर वाटेत सांडलेली ऊर्जाही मापकाच्या भिंतींतच जिरेल. मग माइट्नर यांचे खरे असल्यास दर विघटनामागे कमाल आकडा मिळावा, एलिसचे खरे असल्यास सरासरी.

बोलायला सोपे, करायला महाकठीण. समजा, सेकंदाला ३ कोटी ७० लाख विघटने होत आहेत आणि प्रत्येकामागे ३.५ लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट मिळत आहेत. ही शक्ती किती? सेकंदाला सुमारे २० अर्ग, म्हणजे वॅटचे केवळ २ दशलक्षांश. कॅलरीत सांगायचे तर तासाला ०.००१८. तोच वेग टिकला, तरी एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापायला २३ दिवस लागतील! केंब्रिजमध्ये एलिस आणि वूस्टर यांनी ही ऊब पकडली. त्यांची युक्ती अशी, की रेडियम-ईपासून पोलोनियम तयार होते आणि पोलोनियमच्या कणांची ऊर्जा आधीच चांगली ठाऊक होती. दोन्ही उष्णता एकाच मापकात ताडून पाहिल्या, की कॅलरी-अर्गांच्या रूपांतरातील बरीचशी अनिश्चितता टळते. त्या काळी इलेक्ट्रॉनच्या विद्युद्भाराचा मान्य आकडाही अर्ध्या टक्क्याहून अधिक चुकीचा होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या सावधपणाचे मोल कळते.

१९२७ साली उत्तर आले : सुमारे ३.५ लाख. म्हणजे सरासरी. माइट्नर यांनी ओर्थमान यांच्या साहाय्याने तोच प्रयोग अधिक काटेकोरपणे केला आणि १९३० मध्ये स्वतःच्या मताविरुद्ध जाणारा जवळजवळ तोच आकडा प्रसिद्ध केला. विज्ञानाच्या इतिहासात असा प्रांजळपणा पुन्हा पुन्हा भेटत नाही.

आता पेच पडला तो खुद्द ऊर्जेच्या अविनाशित्वाचाच. उरलेली ऊर्जा गेली कुठे? अणुकेंद्रात हा नियम केवळ सरासरीने पाळला जात असावा, इथपर्यंत नील्स बोरची तयारी झाली होती. वोल्फगांग पाउली याने मात्र ४ डिसेंबर १९३० च्या पत्रात एक भलताच उपाय सुचविला : विद्युद्भार नसलेला, उष्णतामापकाच्या भिंतींतून सहज निसटणारा एक कण ती तूट घेऊन जात असेल. न्यूट्रिनो या नावाने पुढे तो ओळखला गेला. रेनिस आणि कोवन यांनी १९५६ साली अमेरिकेत अणुभट्टीजवळ त्याचा प्रत्यक्ष पुरावा मिळविला. १९६५ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी, ओसाका आणि डरॅम येथील विद्यापीठांच्या सहकार्याने, विश्वकिरणांमुळे वातावरणात उपजलेल्या न्यूट्रिनोंचा माग घेतला. त्यासाठी त्यांनी आपली उपकरणे कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली दोन किलोमीटरांहून अधिक खोल उतरविली होती.