धूळपाटीची विलायतवारी

यंदाच्या दसऱ्याला आमच्या घरी एक लहानसा पेचप्रसंग उभा राहिला. पाट मांडला, झेंडूची फुले आली, वह्यापुस्तके रचून झाली आणि मग लक्षात आले की, घरात पाटीच नाही! सरस्वती काढायची कशावर? आमची नात मोठी धोरणी. तिने आपला टॅब्लेट आणून पाटावर ठेवला, त्याच्या काचेवर बोटाने एकाचे आकडे जुळवून सरस्वती काढली आणि हळदकुंकू वाहायला हात उचलला. तिच्या आईने तो वेळीच धरला म्हणून बरे, नाहीतर दुरुस्तीचा खर्च माझ्या निवृत्तिवेतनातून निघाला असता. पण मी त्या वेळी पाहत होतो ते तिच्या बोटाकडे. लेखणी नाही, पेन्सिल नाही, नुसते बोट. माझ्या आजोबांनी ओनामा गिरवला तोही असाच, बोटाने, धूळपाटीवर.

वाचकहो, धूळपाटी हा शब्द आता कोशात उरला आहे, म्हणून दोन शब्द सांगतो. एक लाकडी फळी घ्यायची, तिच्यावर बारीक धूळ किंवा वाळू पसरायची आणि पंतोजींनी काढून दिलेल्या अक्षरावरून मुलाने बोट फिरवायचे. चुकले की फळी हलवायची, पुन्हा कोरी. खर्च शून्य. ओटीवरच्या नाहीतर देवळातल्या शाळेत मूल आले की, त्याचा हात प्रथम धुळीत जाई. मोडीचे वळण आणि कागद ही फार पुढची गोष्ट.

माझा आणि या विषयाचा संबंध धंद्याचा आहे. चौतीस वर्षे मी अध्यापक विद्यालयात नोकरी केली. प्राथमिक शिक्षक घडवणे हे काम, आणि त्यातही माझ्याकडे असलेला विषय म्हणजे 'दृक्श्राव्य साधने'. पुढे त्याचेच भारदस्त नाव 'शैक्षणिक तंत्रज्ञान' झाले. कपाट मात्र तेच राहिले. त्या कपाटात फ्लॅनेलचा फलक होता, फिल्मपट्ट्या होत्या, आणि दिवा गेलेला एक एपिडायास्कोप होता. इतक्या वर्षांत मी पुष्कळ यंत्रांचे स्वागत केले आणि पुष्कळांना निरोप दिला. १९७५-७६ साली अमेरिकेच्या उपग्रहावरून देशातल्या सहा राज्यांतील २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचली, तेव्हा त्या सहांत महाराष्ट्र नाही म्हणून आम्ही हळहळलो. १९८४ साली पुण्यात बालचित्रवाणी निघाली, तेव्हा पेढे वाटले. २०१७ साली ती बंद झाली, तेव्हा मी निवृत्त होऊन बसलो होतो. मधल्या काळात संगणक आला, आणि पन्नाशीच्या गुरुजींना परीक्षेच्या भीतीने घाम फुटलेला मी पाहिला. असो. त्या सगळ्या यंत्रांचा इतिहास सांगायला हा अंक पुरणार नाही. मला सांगायची आहे ती त्यांच्या आधीच्या, धुळीच्या यंत्राची गोष्ट. ती मला फार उशिरा कळली, आणि कळली तेव्हा माझ्या हातून एक चूक होऊन गेली होती.

ही गोष्ट अँड्र्यू बेल या स्कॉटिश माणसापासून सुरू होते. जन्म १७५३ चा, सेंट अँड्र्यूज गावचा. तरुणपणी अमेरिकेत व्हर्जिनियात एका मळेवाल्याच्या मुलांचा शिक्षक झाला. परत येऊन धर्मोपदेशक झाला आणि १७८७ साली हिंदुस्थानात आला. जायचे होते कलकत्त्याला, पण मद्रासला उतरला आणि तिथेच रमला. माणूस व्यवहारी. विज्ञानावर व्याख्याने देऊन त्याने पैसा केला. पलटणींच्या धर्मोपदेशकाच्या जागा एकामागून एक पदरात पाडून घेतल्या. नऊ वर्षांनी तो परत निघाला, तेव्हा त्याच्या गाठीला २५ हजार पौंडांहून अधिक रक्कम होती. परंतु एक काम त्याने वेतन न घेता केले. १७८९ साली एग्मोर येथे गोऱ्या सैनिकांच्या पोरक्या मुलांसाठी आश्रम निघाला, त्याची देखरेख. या मुलांच्या माता बहुधा इथल्याच असत.

आश्रमात शिक्षक होते, पण त्यांचे मन शिकवण्यात नव्हते. मुले महिनोन्महिने अक्षरांतच अडकून पडत. अशा दिवसांत बेल एका सकाळी घोड्यावरून रपेटीला निघाला असता वाटेत त्याला एक 'मलबारी' शाळा दिसली. मुले जमिनीवर बसून वाळूत बोटांनी अक्षरे काढत होती. आता 'मलबारी' म्हटले की आपले लक्ष केरळाकडे जाते. पण मद्रासचे इंग्रज त्या काळी तमिळ लोकांनाच मलबारी म्हणत. तेव्हा ही शाळा म्हणजे तमिळ पंतोजीची ओटीवरची शाळा असावी, असे मी समजतो. बेल तसाच मागे फिरला आणि सर्वांत खालच्या वर्गाला वाळूत अक्षरे शिकवा, असा हुकूम त्याने सोडला.

शिक्षकांनी तो मानला नाही. कोणी म्हणाले वेळ नाही, कोणी म्हणाले हे होणारच नाही. (प्रशिक्षणवर्गात उभा राहिलेला कोणीही माणूस ही दोन उत्तरे ओळखील.) तेव्हा बेलने वरच्या वर्गातला एक आठ वर्षांचा मुलगा निवडला. नाव जॉन फ्रिस्केन, एका साध्या शिपायाचा मुलगा. त्याला खालच्या वर्गाचा मास्तर केले, आणि मोठ्यांना जे जमत नव्हते ते त्या पोराने करून दाखवले. मग प्रत्येक वर्गावर असेच बालशिक्षक आले.

विलायतेस परत गेल्यावर बेलने १७९७ साली या प्रयोगाची एक लहानशी पुस्तिका छापली. प्रथम तिच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. पण लंडनच्या बरो रोडवर जोसेफ लँकेस्टर नावाचा एक तरुण क्वेकर गरिबांच्या मुलांची शाळा चालवत होता. मुले शेकड्यांनी येत आणि शिक्षकाला द्यायला पैसा नव्हता. त्यानेही मुलांकरवी मुलांना शिकवण्याची पद्धत बसवली होती. १८०४ साली तो मुद्दाम बेलला भेटायला गेला. दोघांचे गोडीगुलाबीने बोलणे झाले, आणि काही काळातच 'ही पद्धत कोणाची' यावरून असे भांडण पेटले की, बेलच्या बाजूला इंग्लंडचे प्रस्थापित चर्च आणि लँकेस्टरच्या बाजूला इतर पंथ उभे राहिले. दोन्ही पक्षांनी आपापल्या संस्था काढल्या, आणि या चुरशीतून गरिबांसाठी शाळांवर शाळा निघाल्या. त्या शाळांत लहान मुलांसाठी वाळू भरलेली बाके असत. अक्षर काढून झाले की वाळू सपाट करायची आणि पुढचे अक्षर. बेलचे अनुयायी तर आपल्या पद्धतीला उघडपणे 'मद्रास पद्धत' म्हणत.

या भांडणात मला एक गंमत वाटते. दोघेही हक्क सांगत होते ते मुलांनी मुलांना शिकवण्यावर. वाळूचे श्रेय बेलने त्या शाळेला मोकळेपणी दिले. पण वर्गनायक ही मात्र आपली स्वतःची युक्ती, असे तो सांगे. आता पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा इटालियन प्रवासी १६२३ साली कर्नाटकात इक्केरीला आला होता. देवळाच्या ओसरीवर चार मुले अंकगणित घोकताना त्याने पाहिली. सुरावर म्हणायचे आणि म्हणता म्हणता जमिनीवरच्या बारीक वाळूत बोटाने लिहायचे. जमीन भरली की काय करता, असे त्याने विचारले; त्यावर, पुसून टाकतो आणि नवी वाळू पसरतो, असे उत्तर आले. आणि मुख्य म्हणजे तिथे गुरुजी नव्हतेच! मुले एकमेकांना शिकवत होती. बेलच्या आधी पावणेदोनशे वर्षांची ही हकीकत आहे. म्हणून बेलने चोरी केली, असे मी म्हणणार नाही. अडचणीतल्या शहाण्या माणसाला ती युक्ती स्वतंत्रपणेही सुचू शकते. मात्र लंडनला भांडण चालले होते त्या दोन हक्कदारांखेरीज तिसराही कोणी होता, एवढे दिसते. बेलच्या गोष्टीत फ्रिस्केनला नाव आहे. त्या ओटीवरच्या पंतोजीला नाही.

यापुढची कथा आपल्या घरची आहे. १८२२ साली एल्फिन्स्टनच्या आश्रयाने मुंबईत एतद्देशीयांच्या शिक्षणासाठी एक संस्था निघाली. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस तिचा चिटणीस, आणि आपले सदाशिव काशीनाथ उर्फ बापू छत्रे तिच्या कामातले मोठे आधार. संस्थेने चौकशी केली, तेव्हा उणिवा दिसल्या त्या अशा: चांगली पुस्तके नाहीत, चांगली पद्धत नाही, तयार शिक्षक नाहीत आणि पैसा नाही. पुस्तकांसाठी जर्व्हिस आणि शास्त्रीपंडित भाषांतराला बसले. शिक्षकांसाठी मुंबईत मुले तयार करून १८२६ साली त्यांना जिल्ह्याजिल्ह्यांत धाडले. माझ्या धंद्याची वंशावळ मी तिथपासून धरतो. १८४५ साली बाळशास्त्री जांभेकर शिक्षक तयार करण्याच्या वर्गाचे प्रमुख झाले, आणि पुढच्याच वर्षी ते गेले.

आणि पद्धतीसाठी? पद्धतीसाठी संस्थेने लँकेस्टरची पद्धत पसंत केली! म्हणजे दक्षिणेतल्या कुठल्याशा ओटीवरून निघालेली वाळू एग्मोर, लंडन अशी फिरून, सुधारणा म्हणून मुंबई बंदरात उतरली. आणि ज्या पंतोजींच्या फळीवर ती पिढ्यान्‌पिढ्या होती, ते मागासलेले ठरले. हे वाचताना मला हसू आले होते, ते फार टिकले नाही.

कारण १९८६ सालचा एक वार्षिक पाठ मला आठवला. पहिलीचा वर्ग, भाषेचा पाठ. आमच्या विद्यालयातली एक छात्राध्यापिका, खेड्यातून आलेली, अंगाने किरकोळ. तिने पत्र्याच्या ताटांत वाळू भरून आणली होती. मुले चारचारांच्या गटात बसली. प्रत्येक गटात एक जाणते मूल आणि तीन नवखी. अर्ध्या तासात वर्गाने तीन अक्षरे बोटांवर घेतली. गलबला होता, पण तो कामाचा होता, हे आज कळते. त्या शाळेत त्याच वर्षी दूरचित्रवाणी संच आला होता आणि परीक्षक होतो मी, तंत्रज्ञानाचा जाणकार! पाठनिरीक्षणाच्या वहीत मी शेरा लिहिला : 'आधुनिक साधनांचा अभाव. वर्गात अस्वच्छता.' आणि गुण दिले पन्नासात तेवीस. संच कपाटात कुलूपबंद होता आणि किल्ली मुख्याध्यापकांकडे होती, हे मला ठाऊक होते. त्या काळी नेमणुका गुणांच्या यादीवरून होत.

बेल १८३२ साली वारला. वेस्टमिन्स्टर ॲबेत त्याला पुरले. त्याच्या पैशातून त्याच्या जन्मगावी जी शाळा निघाली, तिचे नाव 'मद्रास कॉलेज'. ती अजून चालू आहे. लँकेस्टर कर्जबाजारी होऊन अमेरिकेला गेला आणि १८३८ साली न्यू यॉर्कच्या रस्त्यावर घोडागाडीखाली सापडून मेला. मुलांनी मुलांना शिकवण्याची पद्धतही तोवर उतरणीला लागली होती. ती स्वस्त आहे म्हणून सरकारांनी उचलली होती, आणि एका मास्तरावर शेकडो मुले सोपवली की घोकंपट्टीखेरीज दुसरे काय होणार! चार मुलांच्या ओसरीवर जे चालते, ते हजारांच्या दिवाणखान्यात चालत नाही. ताटे मोजून आणणाऱ्या त्या मुलीला हे बहुधा माझ्यापेक्षा अधिक कळत होते.

काही वर्षांपूर्वी माजी विद्यार्थ्यांचा मेळावा झाला, तेव्हा त्या बाई भेटल्या. मुख्याध्यापिका होऊन निवृत्तीला आल्या होत्या. चहाच्या वेळी बाजूला घेऊन मी त्यांना बेलची सगळी गोष्ट सांगितली, देल्ला व्हाल्लेसुद्धा सांगितला, आणि मग त्या तेवीस गुणांवर आलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

"ते मार्क मला पाठ आहेत सर," त्या म्हणाल्या. "पहिला वर्ग गेला. नेमणूक यायला दोन वर्षे लागली."

मला काही बोलता येईना. काहीतरी विचारायचे म्हणून मी विचारले, "ही वाळूची कल्पना तुम्हांला सुचली कुठून?"

"सुचायचे काय त्यात? आमच्या गावी भडभुंजा होता. त्याच्याकडची चण्याची वाळू बारीक असते, बोटाला टोचत नाही. दोन पायल्या मागून आणली होती." मग जरा थांबून म्हणाल्या, "पाठ संपल्यावर तुम्ही ती खिडकीतून बाहेर टाकायला लावलीत. मला ती परत द्यायची होती."