कट्यार काळजात घुसली (संगीत नाटक आणि चित्रपट)

पुरुषोत्तम दारव्हेकर यांचे संगीत नाटक (१९६७) आणि त्यावरून सुबोध भावे यांनी दिग्दर्शित केलेला मराठी चित्रपट (२०१५). नाटकाचा पहिला प्रयोग २४ डिसेंबर १९६७ रोजी प्रभाकर पणशीकरांच्या ‘नाट्यसंपदा’ने केला. संगीत पं. जितेंद्र अभिषेकी यांचे होते. चित्रपटात अभिषेकीबुवांच्या निवडक चाली ठेवून शंकर-एहसान-लॉय यांनी नवी गाणी बांधली.

नाटकाचे विदर्भाशी नाते दुहेरी आहे. दारव्हेकर मास्तर नागपूरचे. खाँसाहेब आफताब हुसेन ही भूमिका ज्यांच्या नावाशी कायमची जोडली गेली ते वसंतराव देशपांडे अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूर भागातले (जन्म २ मे १९२०). मात्र संगीत रंगभूमीने वऱ्हाडाला आपल्या कथेत आणले ते त्याआधी अर्धशतक, कौंडण्यपूरच्या वाटेने. अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यात वर्धा नदीच्या काठी असलेले हे गाव म्हणजे परंपरेने भीष्मक राजाची राजधानी कुंडिनपूर, रुक्मिणीचे माहेर. आषाढीसाठी रुक्मिणीची पालखी आजही येथून पंढरपूरला जाते. कृ. प्र. खाडिलकरांचे ‘संगीत स्वयंवर’ (१९१६) याच नगरीत घडते. भास्करबुवा बखले यांनी ख्यालाच्या चालींवर बसवलेली त्याची पदे बालगंधर्वांनी रुक्मिणी होऊन गायली आणि मैफलीचे गाणे नाटकाच्या प्रेक्षकाला आपले वाटू लागले.

‘स्वयंवर’ शेजारी ठेवले की ‘कट्यार’चे वेगळेपण कळते. ‘स्वयंवर’मध्ये रुक्मिणीच्या मनातली घालमेल पद सांगते. कथा तेवढा वेळ थांबते, आणि ती थांबावी हीच प्रेक्षकाची इच्छा असते. त्यातूनच वन्समोअर येतो, आणि एकाच पदात गायकनट दर प्रयोगाला नवी जागा घेतो. पडद्यावर ते जमत नाही. तिथे वन्समोअर नसतो आणि थांबलेली कथा डोळ्यांना खुपते. बालगंधर्वांनाच याचा अनुभव आला. प्रभातच्या ‘धर्मात्मा’त (१९३५) ते संत एकनाथ झाले. पुढे बाबूराव पेंटरांच्या ‘साध्वी मीराबाई’त (१९३७) ‘अमृतसिद्धी’ या नाटकातली त्यांची स्त्रीभूमिका पडद्यावर आली. रंगमंचावर प्रेक्षक आणि नट यांच्यात जे अंतर असते ते कॅमेऱ्याने नाहीसे केले, आणि स्त्रीरूपाची जी मोहिनी त्या अंतरावर उभी होती ती विरली. चित्रपटाला यश मिळाले नाही आणि बालगंधर्व नाटकाकडे परतले.

‘कट्यार’मध्ये कथा गाण्याजवळ थांबत नाही. गाणे हीच घटना आहे. विश्रामपूर संस्थानात राजगायकाला हवेली आणि मानाची कट्यार मिळते. त्या कट्यारीने केलेला एक खून माफ असतो. पंडित भानुशंकर यांच्याकडून हे राजगायकपद खाँसाहेबांकडे जाते. पंडितजींकडे शिकायला आलेला सदाशिव हवेलीत खाँसाहेबांना पाहतो आणि त्यांचेच गाणे चोरून शिकू लागतो. कोण जिंकला, कुणाचा आवाज गेला, कुणी कुणाची चीज उचलली, हे सारे स्वरांतून कळते. पदे काढली तर कथाच उरत नाही. पडद्यावर येण्याची खरी पात्रता या नाटकाला इथून मिळाली, आणि चित्रपटाचे बहुतेक गुणही याच मुळाचे आहेत.

भावे यांनी २०१० च्या सुमारास या नाटकाच्या पुनरुज्जीवनात काम केले होते. राहुल देशपांडे आणि महेश काळे त्यातले गायक होते. म्हणून पदांची जागा कुठे, त्यांचे वजन किती, याची जाण चित्रपटभर दिसते. नाटकाचा पडदा उघडतो तेव्हा पंडितजींचा पराभव होऊन गेलेला असतो. चित्रपट मागे जाऊन सुरुवात करतो: मिरजेत पंडितजींना भेटलेले खाँसाहेब, त्यांना विश्रामपूरला आणणे, दरबारातल्या स्पर्धांत वारंवार वाट्याला येणारी हार. त्यामुळे अपमान साचत कसा जातो ते प्रेक्षक डोळ्यांनी पाहतो. हा बदल धाडसाचा आहे आणि पूर्वार्धात तो पेलला गेला आहे. रीमा लागू यांच्या आवाजात कट्यारीनेच कथा सांगावी ही योजनाही नाटकाच्या नावाला न्याय देणारी.

पं. भानुशंकर यांच्या भूमिकेत शंकर महादेवन आहेत. ते अभिनेते नाहीत, आणि संवादांत ते जाणवते. पण ते स्वतःच्या गळ्याने गातात. तान घेताना मानेची शीर ताठते, समेवर येताना डोळे मिटतात, आणि त्या क्षणी पडद्यावर गायकनट परत येतो. याउलट खाँसाहेबांची भूमिका सचिन पिळगांवकरांची आणि गळा राहुल देशपांडे यांचा, म्हणजे वसंतरावांच्याच नातवाचा. गायन उत्तम, अभिनय मेहनतीचा, तरी दोन्ही एका माणसातून येत नाहीत. वसंतरावांच्या खाँसाहेबात रागाचा आणि संतापाचा श्वास एकच होता. बोलता बोलता स्वर लागायचा आणि सांधा कुठे आहे ते शोधूनही सापडत नसे. पार्श्वगायनाने हा सांधा उघडा पडतो. चित्रपटाची ही सर्वांत मोठी उणीव आहे.

दुसरी उणीव संहितेतली. दारव्हेकरांचा खाँसाहेब खलनायक नाही. तो मोठा कलावंत आहे, त्याची असूया त्याच्या विद्येला चिकटलेली आहे, आणि म्हणून चोरून शिकणाऱ्या पोराच्या गळ्यातले तेज त्यालाच सर्वांआधी ओळखता येते. चित्रपटात पार्श्वसंगीत आणि कॅमेरा त्याला फार लवकर काळ्या बाजूला उभे करतात. मग शेवटचे परिवर्तन आतून उगवल्यासारखे वाटत नाही, कथेच्या सोयीने आल्यासारखे वाटते. नाटक जिथे सुचवून गप्प बसते तिथे चित्रपट समजावून सांगतो. खाँसाहेबांची झरीना आणि पंडितजींची उमा या दोन मुलींच्या वाट्याला प्रेम आणि सूड आले. घरात वाढताना मुरलेल्या गाण्याशी त्यांचे नाते निसटले. नाटकात फैयाज यांनी झरीना स्वतः गाऊन उभी केली होती, हे आठवले की तोटा नेमका कळतो.

पदांची लांबी कमी झाली, हा आक्षेप जुन्या रसिकांनी घेतला. तो अर्धाच खरा आहे. आठ-दहा मिनिटे आळवलेले पद पडद्यावर आखडणारच. खटकते ते निराळेच: काही जागी वाद्यमेळ इतका दाट झाला की अभिषेकीबुवांच्या चालीतली हवा कोंडते. नव्या गाण्यांत मात्र खरी कमाई आहे. ‘सूर निरागस हो’ गणेशोत्सवाच्या मंडपांत पोचले, आणि ‘अरुणि किरणी’साठी महेश काळे यांना ६३ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्तम पार्श्वगायकाचा मान मिळाला. ज्या वयाची मुले नाट्यसंगीत आजोबांचे म्हणून बाजूला ठेवत, ती चित्रपटानंतर गाण्याच्या वर्गांत ही पदे मागू लागली. एवढ्या एका गोष्टीसाठी चित्रपटाच्या साऱ्या उणिवा सोसाव्यात, असे या नोंदीचे मत आहे.

भावे यांनी पुढे खाडिलकरांच्याच १९११ च्या नाटकावरून ‘संगीत मानापमान’ (२०२५) हा चित्रपट केला. तिथे भर जुन्या पदांपेक्षा नव्या गाण्यांवर पडला. ‘मानापमान’ची पदेही ‘स्वयंवर’सारखी कथेला थांबवणारी, म्हणून दिग्दर्शक आणि संगीतकार तेच असूनही ‘कट्यार’ची पकड त्याला आली नाही. कौंडण्यपूरच्या रुक्मिणीला पडद्यावर आणू पाहणाऱ्याने ‘कट्यार’ची नक्कल करू नये. गाण्यासाठी कथा थांबू देण्याचे धैर्य त्याला लागेल, आणि रुक्मिणी स्वतः गाणारी शोधावी लागेल.

वसंतरावांनी गायलेली ‘कट्यार’ची पदे ध्वनिमुद्रित आहेत. वाचकाने ती आधी ऐकावीत, चित्रपट नंतर पाहावा.